मॅगझिन बदलताना

स्किपसी गावात रस्ता संपतो,
म्हणजे संपत नाही खरं तर,
डांबर पुढं जातं आणि हवेत तुटतं,
मधली पांढरी रेघ तशीच.
त्या रेघेच्या अलीकडं सात पावलांवर
मी ट्रायपॉड रोवला.
एका पायाखाली मिसेस ब्लँचर्डनं दिलेली
तिच्या न्हाणीघराची सुटी फरशी.

सोळा एमएम. चारशे फूट. अकरा मिनिटं.
एका डब्याला हलच्या बिस्किट कारखान्यातल्या
दोन रात्रपाळ्या,
धुलाई वेगळी.
म्हणून बटण दाबताना मी श्वाससुद्धा
सुटे पैसे मोजावेत तसा मोजते.

चौकटीत काय,
तर ओल्या गुळाच्या रंगाचा मातीचा कडा,
वर मिसेस ब्लँचर्डच्या परसाचा उरलेला तुकडा,
कपडे वाळत घालायचा एक खांब
आणि तिथून घराच्या खिळ्यापर्यंत तार.
जोडीचा खांब गेल्या नाताळात समुद्रानं नेला.
खाली पाणी, फार उकळलेल्या चहासारखं.

वर्षाला दोन मीटर, कौन्सिलचा माणूस सांगून गेला.
मी हिशेब केला, पाकिटाच्या पाठीवर:
अकरा मिनिटांत
केसाच्या जाडीहून कमी.
पण माती काही पाकिटावरचं वाचत नाही.

मिरजेहून आईचा फोन.
काय घडतं गं त्यात?
काही नाही.
आणि ते किती वेळ?
दीड तास.
बराच वेळ नुसती खरखर.
मग, जेवलीस का?

तिनंच शिकवलं होतं,
विरजण लावलं की पातेल्यावर झाकण ठेवायचं
आणि विसरायचं.
सारखं उघडून बघू नकोस, मोडतं ते.
दूध नेमकं कुठल्या क्षणी दही होतं
हे आमच्या घरात कुणीच पाहिलेलं नाही.
मी मात्र सगळा पगार घालून
झाकण उघडत बसलेली.

अकराव्या दिवशी, चौथा डबा,
शेपूट आत फडफडलं, संपला.
काळ्या पिशवीत कोपरापर्यंत हात,
गाय अडलेली असताना
डॉक्टर चाचपतो तशी बोटं,
दातेरी चाक, फिल्मची धार, वळसा,
डोळे उगीच मिटलेले.

तेव्हा आवाज आला.
मोठा नाही.
कुणीतरी ओली गोधडी
मोरीत टाकावी तसा.
मागोमाग खडे, थोडे,
मग ते पण नाहीत.
हात बाहेर काढला असता
तर उजेड आत शिरला असता.
मी पिशवीतच राहिले.

खिडकीत मिसेस ब्लँचर्ड, हातात कप.
ती बघत होती.
गेला, म्हणाली.
आणि मला, तुझं झालं का?

पाचव्या डब्यात तीच चौकट,
समुद्र थोडा जास्त.

दोन्ही तुकड्यांच्या मध्ये
मी चाळीस सेकंद काळं ठेवलं.
ध्वनियंत्र चालूच राहिलं होतं, त्यातला आवाज,
माझ्या बोटांची खसखससुद्धा.
वाचनालयाच्या हॉलमध्ये चौदा माणसं आली.
तिघं उठून गेली.
एक गृहस्थ घोरत होता, सुरात,
मला हरकत नव्हती.
पहिल्या रांगेत मिसेस ब्लँचर्ड, अंगात कोट,
पडदा काळा झाला तशी
तेवढी एकटी पुढं वाकली.

नंतर खांबाचं काही बोलली नाही.
तारेवर माझा चिमटा होता, निळा.
तो दिसला नाही गं, नजर अधू झालीय माझी.

कसला चिमटा? मला आठवेना.
घरी येऊन चौथा डबा टेबलावर लावला,
हातानं फिरवला.
सातव्या मिनिटाला वारा येतो,
तार हलते,
चिमटा अर्धा वळतो, परत येतो.
अकरा दिवस
मी तिथंच बघत होते.

रात्रीचे साडेदहा झाले होते, तरी फोन केला.
आहे, म्हटलं.
हो ना, ती म्हणाली,
आत घ्यायचा राहूनच गेला.